तंबाखू कुठल्या बाजूला धरता?

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा, रात्री वाचा.

मागच्या महिन्यात एका अनोळखी नंबरवरून फोन आला. लोनवाल्यांचा असेल म्हणून दोनदा कट केला. तिसऱ्यांदा उचलला तर पलीकडून बाईंचा आवाज. "तुमचा तुकडा माझ्याकडे तपासायला आलाय. मी पॅथॉलॉजिस्ट बोलतेय. घाबरू नका, रिपोर्ट उद्या देते. मला फक्त एक सांगा, तंबाखू कुठल्या बाजूला धरता?"

मी म्हणालो, डाव्या.

"किती वर्षं?"

वीसेक.

"चुना लावून?"

हो.

"रात्री झोपताना पण तोंडात असते का?"

इथं मी गप्प बसलो, कारण बायको शेजारीच उभी होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. डाव्या गालाच्या आत एक पांढरा चट्टा आला होता. तिखट लागलं की आग व्हायची. दाताच्या डॉक्टरांनी बघितलं आणि जिल्ह्याच्या गावी पाठवलं. तिथं तुकडा काढला, बाटलीत घातला, फॉर्म भरला. त्या फॉर्मवर 'पूर्वेतिहास आणि सवयी' असा एक रकाना होता. तो कोरा गेला. तुकडा काढणाऱ्यांनी विचारलं नाही आणि मीही आपणहून सांगितलं नाही. वीस वर्षं लोकांना प्रश्न विचारून पोट भरणारा माणूस मी, स्वतःबद्दल एक वाक्य सांगायची वेळ आली तर तोंड मिटून बसलो. नशीब की फॉर्मवर मोबाइल नंबर लिहिला होता.

रिपोर्ट आला. कर्करोग नाही. पण पेशी बदलायला सुरुवात झालेली आहे, डॉक्टरांच्या भाषेत सौम्य डिस्प्लेसिया. तंबाखू बंद, दर तीन महिन्यांनी तपासणी. पुडी सोडून आज चौतीस दिवस झाले. अभिनंदन करू नका, अजून हात खिशाकडे जातो.

मी त्या मॅडमना भेटायला गेलो. म्हटलं, एवढ्या तुकड्यांच्या गर्दीत तुम्ही फोन करून हे विचारलंत, आभार. त्या हसल्या. "हा प्रश्न माझा नाही हो. मुंबईत शिकताना आमच्या सरांनी आमच्या डोक्यात घातला, त्यांच्या सरांनी त्यांच्या. मागे मागे गेलात तर खानोलकरांपर्यंत जाल."

खानोलकर म्हटलं की आपल्याला आधी चिं. त्र्यं. खानोलकर आठवतात, म्हणजे आरती प्रभू. सामान्य ज्ञानाची पुस्तकं वाचलेल्या पोरांना परमवीर चक्राचं डिझाइन करणाऱ्या सावित्रीबाई खानोलकर आठवतात. डॉक्टर वसंत रामजी खानोलकर मला माहीत नव्हते. पत्रकारितेचा डिप्लोमा, वीस वर्षांची पत्रकारिता, त्यात आरोग्याच्या शेकडो बातम्या, आणि भारतातल्या आधुनिक पॅथॉलॉजीचा पाया ज्यांनी घातला असं मानतात त्या मराठी माणसाचं नाव मला शेहेचाळिसाव्या वर्षी, गालाला भोक पडायच्या बेतात असताना कळलं. मग महिनाभर जे मिळेल ते वाचत बसलो.

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा. घराण्याची मुळं गोव्या-कोकणाकडची, पण शाळा झाली पार क्वेट्ट्याला, म्हणजे आजच्या पाकिस्तानात. पुढे लंडन विद्यापीठातून १९२३ मध्ये पॅथॉलॉजीत एम. डी. झाले. त्या काळी लंडनहून डॉक्टर होऊन आलेला माणूस मुंबईत प्रॅक्टिस टाकायचा, मोटार घ्यायचा. हे परत येऊन शिकवायला लागले, आणि तेही पॅथॉलॉजी. आधी ग्रँट मेडिकल कॉलेज, मग केईएमशेजारचं सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज. हे जी. एस. कॉलेज १९२६ चं. ते उभारताना देणगीदारांची अट होती की शिकवणारे भारतीयच असले पाहिजेत, सरकारी वैद्यकीय सेवेतले गोरे साहेब नकोत. स्वातंत्र्याच्या चळवळीतला हा धडा शाळेच्या पुस्तकात नसतो. आपला माणूस सूक्ष्मदर्शकाच्या मागं बसून निदान करू शकतो, हे तेव्हा सिद्ध करून दाखवावं लागत होतं.

पॅथॉलॉजिस्ट म्हणजे काय, हेही थोडं सांगतो, कारण आपल्याकडे लोकांना वाटतं तो रक्त काढणारा माणूस. काढलेला तुकडा आधी फॉर्मालिनमध्ये ठेवतात म्हणजे सडत नाही. मग त्यातलं पाणी काढून तो मेणात बसवतात. त्या मेणाच्या ठोकळ्याचे मायक्रोटोम नावाच्या यंत्रानं काप काढतात. काप किती पातळ, तर एका मिलिमीटरचे दोन-तीनशे भाग केले तर त्यातला एक. तो काचेवर घेऊन रंगवतात. पेशीचं केंद्रक जांभळं दिसतं, बाकीचं गुलाबी. मग एक माणूस ते बघतो. मशीन बघत नाही, माणूस बघतो. पेशी रांगेत आहेत की रांग मोडलीय, केंद्रकं सारखी आहेत की लहानमोठी, खालची सीमा ओलांडून त्या आत घुसल्यात की नाही. या 'घुसल्या की नाही' वर पुढचं सगळं आयुष्य ठरतं. मॅडमनी मला माझीच काच दाखवली. मला ती देवळातल्या गुलालासारखी दिसली, दुसरं काही समजलं नाही.

आता मुंबईच्या परळला चला. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहरबाई १९३१ मध्ये ल्युकेमियानं, म्हणजे रक्ताच्या कर्करोगानं गेल्या. पुढच्या वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या ट्रस्टनं उभं केलेलं टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. आज आपल्या गावातून रोज कुणीतरी फाइल घेऊन रात्रीच्या एसटीनं जातं ते हेच 'टाटा'. तिथल्या प्रयोगशाळांचे संचालक म्हणून खानोलकर आले.

त्या काळी असा समज होता की कर्करोग हा सुधारलेल्या, श्रीमंत देशांचा आजार, हिंदुस्थानात तो फारसा नाही. इथं माणसं तापानं, पटकीनं, प्लेगनं मरतात, कर्करोगापर्यंत पोचतातच कुठं! पण परळला दार उघडलं आणि माणसं येत राहिली. तोंडं सुजलेली, गाल फाटलेले, जीभ हलत नसलेले. हॉस्पिटल सुरू होऊन तीन वर्षं झाली होती तेव्हा, १९४४ मध्ये, खानोलकरांनी अमेरिकेतल्या 'कॅन्सर रिसर्च' या नियतकालिकात एक लेख छापला. मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठच्या एक हजार रुग्णांचा आढावा.

'लागोपाठच्या' हा शब्द सोडू नका. निवडून घेतलेले नाहीत, विशेष वाटले म्हणून ठेवलेले नाहीत. जो आला तो मोजला. आम्ही बातमीत 'अनेक नागरिकांनी सांगितलं' असं लिहितो तेव्हा खरं म्हणजे चौकात तिघं भेटलेले असतात. खानोलकरांनी हजार मोजले, आणि नुसत्या गाठी मोजल्या नाहीत. गाठ तोंडात नेमकी कुठं आहे आणि हा माणूस काय चघळतो, काय ओढतो, हे सोबत मांडलं.

तंबाखूकडे बोट दाखवणारे ते पहिले नव्हते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. दक्षिणेत नेय्यूरच्या मिशन हॉस्पिटलमधले डॉक्टर ऑर यांनी १९३३ मध्येच त्रावणकोरमधल्या पान-तंबाखू खाणाऱ्यांच्या तोंडाच्या कर्करोगावर लिहिलं होतं. त्याही आधी काश्मीरमध्ये, पोटाशी शेगडी धरून बसणाऱ्या लोकांच्या पोटाच्या कातडीवर होणारा 'कांगरी कॅन्सर' इंग्रज डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकात नोंदवला होता. पण या सगळ्या गमती म्हणून नोंदवलेल्या गोष्टी होत्या. पूर्वेकडच्या लोकांच्या विचित्र चालीरीती, असा सूर. खानोलकरांना त्यात विचित्र काही वाटलं नाही. त्यांना त्यात कारण दिसलं.

पुढच्याच वर्षी, १९४५ मध्ये, त्यांनी बी. सूर्याबाई यांच्यासोबत आणखी एक लेख लिहिला. विषय: सवयी आणि रूढींशी जोडलेला कर्करोग, भारतातले तीन नवे प्रकार. मला विचाराल तर त्यांच्या सगळ्या कामात हा लेख सगळ्यात 'आपला' आहे.

पहिला प्रकार चुट्ट्याचा. आंध्रच्या किनाऱ्यावर, विशाखापट्टणमकडे, चुट्टा नावाची जाड विडी ओढतात, आणि बायका ती उलटी ओढतात, म्हणजे जळतं टोक तोंडाच्या आत. कर्करोग होतो टाळूला, एरवी जिथं तो क्वचित दिसतो तिथं. दुसरा खैनीचा. बिहारकडे तंबाखू-चुना मळून खालच्या ओठाच्या खोबणीत ठेवतात. कर्करोग होतो त्याच खोबणीत.

तिसरा धोतराचा. हसू नका, मीही आधी हसलो होतो. कंबरेला रोज त्याच जागी घट्ट आवळून धोतर नेसायचं, घाम, घासणं, कातडी काळी पडते, जाड होते, फुटते, भरते, पुन्हा फुटते. असं वर्षानुवर्षं. आणि मग तिथंच, कंबरेच्या त्याच रेषेवर, कातडीचा कर्करोग. त्याला नावच पडलं धोती कॅन्सर. लुगड्याचंही तेच. आणि ही काही फक्त आजोबांच्या काळातली गोष्ट नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात आपल्या वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी परकराची नाडी घट्ट बांधून कंबरेला कर्करोग झालेल्या दोन म्हाताऱ्या बायकांबद्दल एका ब्रिटिश नियतकालिकात लिहिलं आणि ती जगभर बातमी झाली. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'नवीन संशोधन' म्हणून फिरली. एकूणऐंशी वर्षांपूर्वी परळला बसलेल्या माणसानं याच कंबरपट्ट्याकडे बोट दाखवलं होतं, हे त्या बातमीत कुणी लिहिलं नाही. मीही लिहिलं नाही. ती बातमी आमच्या पोर्टलवर मीच टाकली होती.

हे तीन प्रकार एकत्र ठेवून बघा म्हणजे खानोलकरांची चाल लक्षात येते. माणसं तीच, तंबाखू जवळपास तीच, फक्त ती ठेवायची जागा बदलली की कर्करोगाची जागा बदलते. टाळू, ओठ, गाल. नशिबाला किंवा देवाच्या कोपाला एवढं भूगोल कळत नाही. म्हणून तो प्रश्न, कुठल्या बाजूला धरता.

मुंबईसारखं शहर या कामाला फार सोयीचं होतं. एकाच गावात पारशी, गुजराती, दख्खनी हिंदू, मुसलमान, ख्रिश्चन, सगळे शेजारी राहणारे, पण लग्नं आपापल्यात करणारे आणि खाण्यापिण्याच्या सवयी वेगळ्या. मग कर्करोगातला फरक रक्तातून येतो की राहणीतून? डॉ. एल. डी. संघवी यांच्यासोबत खानोलकरांनी मुंबईतल्या सहा आंतरविवाही गटांमधल्या सात अनुवंशिक गुणांची तपासणी केली, ते काम १९४० च्या दशकाच्या अखेरीस छापून आलं. असल्या कामात एक धोका असतो. जातीची मोजमापं घेत घेत माणूस 'अमक्यांचं रक्तच तसं' इथं कधी पोचतो ते कळत नाही. त्या काळात जगभर बरेच विद्वान तसे पोचलेही होते. खानोलकर मात्र पुन्हा पुन्हा सवयीकडे परत आले. १९५५ मध्ये संघवी, राव आणि खानोलकर यांचा लेख 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' मध्ये आला, ओढायचा आणि चघळायचा तंबाखू आणि घसा-तोंडाचा कर्करोग यावर. या वेळी नुसते रुग्ण मोजले नाहीत, कर्करोग नसलेली माणसंही तुलनेला घेतली. चघळणाऱ्यांचा रोग तोंडात, गाला-हिरड्यांकडे. विडी ओढणाऱ्यांचा मागं, घशात आणि जिभेच्या मुळाशी. इंग्लंडात डॉल आणि हिल यांचा सिगारेट आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा गाजलेला अभ्यास १९५० चा. म्हणजे आपण जगाच्या मागं नव्हतो. विडीचं आणि पुडीचं काय होतं ते आपल्याच माणसांनी, आपल्याच दवाखान्यात, त्याच सुमारास सांगून ठेवलं होतं.

इथं मला थोडं अडखळायला होतं. आमचा पट्टा विडीचा. संगमनेर, सिन्नर, या भागात विडीवर घरं चालली, पोरं शिकली. माझी आत्या पस्तीस वर्षं विड्या वळत होती. मांडीवर सूप, एका हातात कातर, पानं मापानं कापायची, चिमूटभर तंबाखू, गुंडाळी, दोरा. कारखान्यात नेल्या की त्यातल्या काही छाट म्हणून बाजूला काढायचे, त्याचे पैसे नाहीत. तिच्या विड्यांच्या पैशातून माझ्या डिप्लोमाची पहिल्या वर्षाची फी भरली गेली. म्हणून विडी वाईट, एवढं सोपं वाक्य माझ्या तोंडून पटकन निघत नाही. पण १९५५ मध्ये छापलेलं आत्याला कुणी वाचून दाखवलं नाही, कारखान्यानं नाही, सरकारनं नाही आणि ज्याची फी तिनं भरली त्या पत्रकारानंही नाही, हेही खरं.

खानोलकरांचं काम तंबाखूवर थांबलं नाही. १९५२ मध्ये परळला इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं, त्याचे संस्थापक संचालक तेच. पुढे १९६६ मध्ये हे केंद्र आणि हॉस्पिटल एकत्र होऊन टाटा मेमोरियल सेंटर झालं, आणि त्याच संशोधन संस्थेचा वारसा आज खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये आहे. या केंद्रात त्यांनी माणसं घडवली. पुण्याच्या कमल समर्थ, म्हणजे डॉ. कमल रणदिवे, त्यांच्याच हाताखाली १९४९ मध्ये पीएच. डी. झाल्या, अमेरिकेत जाऊन शरीराबाहेर पेशी वाढवण्याचं तंत्र शिकून आल्या आणि तशी देशातली पहिली प्रयोगशाळा इथं उभारली. त्यांचं नाव मला गूगलच्या डूडलमुळे कळलं, नोव्हेंबर २०२१ मध्ये. खरं तर आधी कळायला हवं होतं. याच रणदिवेबाई उतारवयात आपल्या जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या राजूरला, आदिवासी मुलांच्या पोषणावर काम करायला येत होत्या. आमच्या अंकात त्याची बातमी लागली असेल तर मला तरी ती सापडली नाही. चार दिवस जुन्या फायली चाळल्या, धुळीनं शिंका आल्या तेवढ्याच.

दुसरा मोठा विषय कुष्ठरोग. तेव्हा आपल्याकडे त्याला महारोग म्हणत आणि माणसाला गावाबाहेर काढत. खानोलकरांनी अगदी सुरुवातीच्या चट्ट्यांचे तुकडे तपासले आणि जंतू मज्जातंतूंच्या वाटेनं कसा सरकतो ते बघितलं. बधिर चट्टा बधिर का असतो, याचं उत्तर तिथं आहे. १९५८ मध्ये त्यांच्या केंद्रात कुष्ठरुग्णाच्या गाठीतून एक जंतू प्रयोगशाळेत वाढवण्यात आला, त्याला केंद्राच्याच नावावरून आयसीआरसी बॅसिलस म्हणतात. हा कुष्ठरोगाचाच जंतू, असं तेव्हा वाटलं. तसं नव्हतं. पुढे तो दुसऱ्याच जंतूंच्या कुळातला ठरला, आणि कुष्ठरोगाचा खरा जंतू आजही काचेच्या नळीत वाढवता येत नाही. पण त्या आयसीआरसी जंतूपासून केलेल्या लसीची दक्षिण भारतात मोठी चाचणी झाली आणि तिनं बऱ्यापैकी संरक्षण दिल्याचं १९९८ मध्ये छापून आलं. म्हणजे जे शोधायला गेले ते सापडलं नाही, जे सापडलं ते थोडंफार उपयोगी पडलं. मोठ्या माणसावर लिहिताना आपण असली पानं गाळतो. मला ती ठेवावीशी वाटली.

मानसन्मान पुष्कळ झाले, भराभर सांगतो. देशातल्या पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनेचे ते पहिले अध्यक्ष. १९५४ मध्ये पद्मभूषण. १९६० ते ६३ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक. १९७८ च्या ऑक्टोबरात ते गेले.

आणि बाकी आपण तिथंच आहोत. चघळायच्या तंबाखूनं कर्करोग होतो, यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं १९८५ मध्ये शिक्कामोर्तब केलं. म्हणजे हजार रुग्णांच्या त्या लेखानंतर एकेचाळीस वर्षांनी. मधल्या काळात आपल्याकडे काय झालं, तर पुडी आली. आधी पान खायला टपरीवर जावं लागायचं, पुडीनं तोही त्रास वाचवला. खिशात मावते, शाळेच्या दप्तरातही मावते. महाराष्ट्रात गुटखाबंदी जुलै २०१२ पासून आहे. आहे ना? आमच्या बसस्टँडसमोर सकाळी सात वाजता जाऊन उभे राहा आणि मला सांगा. मी स्वतः त्या बंदीच्या बातम्या लिहिल्या, धाडीचे फोटो टाकले, आणि ते टाकताना माझ्या डाव्या गालात बार होता. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले पंधरा वर्षांवरचे २६.६ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते, आणि त्यातले बहुतेक न ओढता, तोंडात ठेवून.

शेवटी पुन्हा मॅडमकडे येतो. त्यांच्या टेबलावर एक रबरी शिक्का बघितला. त्यावर लिहिलंय: तंबाखू / मिश्री / गुटखा / विडी. बाजू: डावी / उजवी. किती वर्षं. रात्री तोंडात: हो / नाही. हा शिक्का मारलेले फॉर्म त्या तालुक्यातल्या सगळ्या डॉक्टरांकडे पाठवतात. मी म्हटलं, भरून येतात का? त्यांनी त्या दिवशी आलेले तोंडाच्या तुकड्यांचे अकरा फॉर्म माझ्यापुढे ठेवले. तिघांनी रकाने भरले होते. एकानं फक्त 'हो' लिहिलं होतं, कशाला हो ते नाही. बाकीचे कोरे.

"मग त्या आठ जणांना?"

"नंबर असेल त्यांना फोन करते. बायका सहसा नवऱ्याचा नंबर देतात. मग नवरा म्हणतो, आमची ही काही खात नाही."

घरी आलो ते थेट आत्याकडे गेलो. वय बहात्तर, दात पडलेत, पण मिश्रीची डबी अजून कनवटीला. विचारलं, आत्या, मिश्री कुठल्या बाजूला लावतेस? म्हणाली, "तुला रे काय करायचंय?" मग माझा गाल बघितला, तिथला टाका बघितला, आणि काही न बोलता उजवीकडचा ओठ बोटानं खाली ओढून दाखवला. हिरडीवर पांढरं होतं, माझ्यापेक्षा मोठं.

गुरुवारी तिला घेऊन जातोय. फॉर्म मॅडमकडून आधीच आणून ठेवलाय आणि रकाने मी स्वतः भरलेत. मिश्री, उजवी, साठ वर्षं, रात्री हो. विड्या वळल्याचा रकाना त्यात नव्हता, तो मी खाली पेनानं लिहिला.